नवऱ्याची बदली झाली म्हणून नोकरी सोडली, तर बेरोजगार भत्ता मिळतो का?

नाही. ईएसआयच्या, म्हणजे सरकारी कामगार विम्याच्या खिडकीवर पहिला प्रश्न हाच येतो: ‘तुका कामावयल्यान काडली काय तुवेंच सोडलें?’ मला तो 2021च्या पावसाळ्यात विचारला गेला. गोव्यात कुंडईला एका औषध कंपनीत पॅकिंगला होते. यांची बदली बेळगावला झाली. फोंड्यात राहून रोज चोर्ला घाट करा असं सुचवणारे नातेवाईक आमच्याकडेही होते, त्यांतला एकही पावसात तिथून गेलेला नाही.

राजीनाम्याच्या फॉर्मवर कारण म्हणून मी ‘पतीची बदली’ लिहिलं. एचआरच्या मुलीने दोन्ही प्रतींवर व्हाइटनर फिरवला आणि ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहायला लावलं. सिस्टीममध्ये तसा पर्याय नाही म्हणे. माझ्या प्रतीवरचा व्हाइटनर आता सुटत चाललाय, खालचं ‘पतीची’ वाचता येतं.

ईएसआयचा हा भत्ता ज्या योजनेतून मिळतो, त्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत तेव्हा सरासरी कमाईच्या 50 टक्के मिळत, आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त 90 दिवस. 2018ला योजना आली तेव्हा 25च होते. गैरवर्तनाबद्दल काढलेले, निवृत्त झालेले आणि स्वेच्छानिवृत्तीवाले त्यात बसत नाहीत. खिडकीतल्या साहेबांनी माझा राजीनामा ‘स्वेच्छे’त टाकला आणि विषय संपवला. पगार 14 हजार, दर महिन्याला 105 रुपये ईएसआयला कापले जायचे. तीन महिन्यांचे साधारण 21 हजार झाले असते.

खरी गंमत पीएफची. नोकरी सुटल्यावर सगळी रक्कम काढायला तेव्हा दोन महिने थांबावं लागे, पण लग्न करण्यासाठी नोकरी सोडणाऱ्या बाईला ती अट नव्हती. म्हणजे नवरा करायला सोडली तर सरकारला समजतं, केलेल्या नवऱ्यामागे सोडली तर नाही. कॅलिफोर्नियात जोडीदारासोबत रोज ये-जा करता येणार नाही इतक्या लांब जावं लागलं, तर ते नोकरी सोडायला सबळ कारण धरतात. हे मी घरी वाचून दाखवलं तेव्हा यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

कारण यांचं म्हणणं अजून तेच, ‘मी कुठे सोड म्हटलं? तू स्वतःहून सोडलीस.’ बरोबर आहे. यांनी बदलीची ऑर्डर टेबलावर ठेवली, हेच बेळगावात मुलाच्या शाळेची चौकशी करून आले, खोली बघून आले. मग सोड म्हणायचं उरलं काय?

तेव्हा ताई, आधी बिनपगारी रजा लेखी मागा. नव्या गावात कंपनीची शाखा असेल तर तिथे बदली मागा. नाहीच जमलं तर राजीनाम्यात खरं कारण लिहा आणि नवऱ्याच्या ऑर्डरची झेरॉक्स जोडा. त्याने भत्ता मिळणार नाही, तरी जोडा. उद्या घरात कोणी ‘स्वतःहून’ म्हणायला नको.

हां, पगार 21 हजारांच्या वर असेल तर बहुधा तुम्ही ईएसआयमध्येच नसाल, मग वरचं अर्धं तुमच्या कामाचं नाही. पीएफचे नियमही 2025मध्ये बदललेत, ते नवे बघा. आणि ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते त्या एकरकमी पैशाला, पाच वर्षं भरतात का ते मोजा. मला सात महिने कमी पडले. बदली तेवढी पुढे ढकला असा अर्ज करा, म्हणून यांना सांगितलं होतं. केला नाही. साहेबांसमोर बरं दिसत नाही म्हणे.