स्मार्टफोनवरचं ॲप वापरायला सोपं व्हावं म्हणून डिझाइन करताना काय पाळावं?

तुम्ही पहिलंच ॲप बनवताय आणि तत्त्वांची यादी मागितलीय. ॲप-वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्या याचा अभ्यास करणाऱ्या याकोब नील्सनची १९९४ सालची दहा तत्त्वं आहेत, ती अजून चालतात. अर्ध्या तासात वाचून होतील. मला ती पाठ होती, तरी माझं पहिलं ॲप आपटलं. ते कसं, तेच सांगतो.

मी गोव्यातल्या फोंड्याकडचा. आमच्या वाड्यावरच्या बेकरीवाल्याला पोदेराच्या उधारीचा हिशेब फोनवर हवा होता. (पोदेर म्हणजे सकाळी सायकलला टोपलं बांधून, पों-पों करत दारोदार पाव घालणारा.) मी घरात खुर्चीवर बसून, दोन्ही हातांत फोन धरून देखणा स्क्रीन केला. खाली 'जतन करा', त्याला खेटून 'पुसा'. चौथ्याच दिवशी एका घराची महिन्याची उधारी साफ!

मग एका पहाटे स्कूटर काढून पोदेराच्या मागे फिरलो. डावा हात हँडलवर, उजव्यात फोन, म्हणजे सगळं काम एकट्या अंगठ्याचं. चार पोई, दोन उंडे (हे पावाचे प्रकार), आतून "फाल्यां दितां" (उद्या देते) अशी हाक, की हा पुढच्या दारात. आणि माझ्या ॲपमध्ये एका नोंदीला सहा वेळा बोट लावावं लागत होतं.

अँड्रॉइड सांगतं की बोट लावायची जागा निदान ४८ डीपी (स्क्रीनवरचं मापाचं एकक), म्हणजे साधारण ९ मिलिमीटर हवी. ॲपल आपल्या मापात ४४ पॉइंट म्हणतं. आकडे वाचलेले होते, पण कशासाठी ते त्या सकाळी कळलं. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्सचा १९५४ चा नियमही हेच सांगतो: बटण जितकं लहान आणि बोटापासून दूर, तितका तिथे पोचायला वेळ. म्हणून रोजचं बटण मोठं आणि अंगठ्याखाली, आणि 'पुसा' मुद्दाम लांब.

पुसण्याआधी 'नक्की?' विचारणारी चौकट घालून पाहिली. काही उपयोग झाला नाही. रोज तीच चौकट आली की माणूस न वाचता 'हो' दाबून मोकळा होतो. ती काढली आणि पुसल्यावर 'परत आणा' ठेवलं. माझ्या मते एवढं एकच केलंत तरी निम्मे शिव्याशाप वाचतील.

जूनमध्ये नवीन तमाशा. स्क्रीनला बोट कळतं ते विजेच्या भारातल्या फरकामुळे, आणि पाण्याचा थेंबही तो फरक करतो. थेंब पडला की नोंद आपोआप, ओलं बोट लावलं की काहीच नाही. सरकवणं, दाबून धरणं असले नखरे सगळे काढले. वळणावर रेंज जाते, म्हणून नोंद आधी फोनमध्येच होते आणि रेंज आली की पुढे जाते. गेली की नाही ते शेजारी दिसतं. फिकट करड्या अक्षरांबद्दल एवढंच, की उन्हात ती दिसत नाहीत. अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणात निदान ४.५ ला १ इतका फरक ठेवा.

मराठीसाठी एक गोष्ट कुणी सांगत नाही. ओळीची उंची इंग्रजीच्या मापाने ठेवलीत तर 'पूर्ण'चा वरून रफार छाटला जातो आणि खालून ऊकार. आणि शब्द तोंडातले घ्या. 'जतन करा' बघून पोदेर म्हणाला, "कोणाक जतन करपाचें?" आता तिथे 'लिहा' आहे.

तपासायला पाच माणसं पुरतात, पण फोन हातात देऊन तुम्ही गप्प बसायचं. "इथे दाबा हं" म्हणावंसं वाटलं, तो स्क्रीन बदलायचा. मी तीन आठवडे खपून केलेला विक्रीच्या आलेखांचा स्क्रीन बेकरीवाल्याने अजून एकदाही उघडलेला नाही.