सुट्टी सगळ्यांची, धावपळ एकटीची

पत्र : उन्हाळ्याच्या सुट्टीत शुक्रवार ते रविवार घरच्यांसोबत घालवायचे ठरवले होते. एक सहल, घरी चांगलंचुंगलं जेवण आणि सगळ्यांनी मिळून बागकाम. प्रत्यक्षात मी ओट्यापाशीच राहिले, सहलीतला डबा आंबला, भर दुपारी लावलेल्या रोपांनी माना टाकल्या. नवरा म्हणतो, "सांगितलं असतंस तर केलं असतं." मुलं मोबाइलमध्ये. पुढच्या महिन्यात पुन्हा तीन दिवस मिळतायत आणि मला आत्ताच नको वाटतंय. माझं काय चुकतंय?

उत्तर : ताई, तुम्ही दमलात ते कामाने कमी आणि सगळं एकटीने लक्षात ठेवण्याने जास्त. "सांगितलं असतंस तर" या वाक्यात मदतीची तयारी आहे, पण काय, कधी, कुठे हे पुन्हा तुम्हीच बघायचं. म्हणून या वेळी सुटी सुटी कामं सांगू नका. एकेक काम सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकेकाच्या नावावर करा आणि तेही आठवडाभर आधी, सगळे जेवायला बसलेले असताना.

सहलीचं खाणं नवऱ्याकडे द्या. डबा बहुधा गरम भरून झाकण लावल्यामुळे आंबला. बंद डब्यात अन्न तासन्‌तास कोमट राहतं आणि जिवाणूंना तेच हवं असतं. शिजवलेलं अन्न पसरट ताटात जेमतेम पाच सेंटिमीटर जाडीचं पसरायचं, वाफ गेली की फ्रिजमध्ये, आणि रात्रभर थंड झालेलंच सकाळी आइसबॉक्समध्ये. पाण्याच्या बाटल्या पाऊण भरून आदल्या रात्री फ्रीझरला लावायच्या. काठोकाठ भरल्या तर गोठताना फुटतात. काही बाटल्या तळाशी, काही डब्यांच्या वर, कारण गार हवा खाली उतरते. पेयांची पिशवी वेगळी ठेवा, ती सारखी उघडली जाते. बॉक्स डिकीत तापत ठेवू नका. एकदा बाहेर काढलेलं अन्न दोन तासांत संपवायचं, पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासात. उरलं तर टाकून द्या. वास चांगला येतोय, यावर जाऊ नका. बिघडलेल्या अन्नाला दर वेळी वास येतोच असं नाही.

बाग मुलांकडे द्या, पण दुपारी नाही. रोप उपटून लावताना केसांसारखी बारीक मुळं तुटतात. वर ऊन पानांतलं पाणी खेचत असतं आणि खालची मुळं तेवढं पुरवू शकत नाहीत, म्हणून माना पडतात. ऊन उतरल्यावर लावा. तासभर आधी कुंडीतल्या रोपाला पाणी द्यायचं. खड्डा कुंडीइतकाच खोल, पण दुप्पट रुंद. तो पाण्याने भरायचा, पाणी जिरलं की रोप कुंडीत होतं त्याच पातळीला बसवायचं, माती हलकेच दाबून पुन्हा पाणी द्यायचं. वरून वाळक्या पाल्याचा पाच-सात सेंटिमीटर थर, पण खोडापासून दोन बोटं लांब. चिकटला तर खोड कुजतं. तीन-चार दिवस सावली, दोन-तीन आठवडे खत नाही. दुपारी पानं मलूल दिसली तरी धावत जाऊन पाणी ओतू नका. आधी मातीत बोट घालून पाहा. पाच सेंटिमीटर खाली ओल असेल आणि संध्याकाळी रोप सावरत असेल, तर ते ठीक आहे. उन्हाळ्यात लाडापोटी ओतलेल्या पाण्यानेही बरीच रोपं मरतात.

धाकट्याला घेवड्याचं बी द्या. दोन-तीन सेंटिमीटर खोल पेरलं आणि माती ओलसर ठेवली, की साधारण आठवड्याभरात मान वर काढतं. लहान मुलाचा धीर तेवढा टिकतो.

उरलेलं थोडक्यात. शुक्रवारी संध्याकाळी एकदाच स्वयंपाक, शनिवारी सकाळी लवकर निघून दुपारच्या आत घरी, रविवारी संध्याकाळी बाग. रविवारची दुपार मोकळी. तिथे काहीही भरू नका, पाहुणेसुद्धा नकोत.

सगळ्यात अवघड भाग तुमच्याकडे आहे. नवरा डबे तुमच्या पद्धतीने रचणार नाही, मुलं वाफा वाकडा करतील. अन्न खराब होण्याचा किंवा कुणाला इजा होण्याचा प्रश्न नसेल, तर हात लावू नका. तुम्ही एकदा नीट करून दिलंत, की पुढच्या वेळी ते काम परत तुमच्याकडेच येईल. बर्फाच्या बाटल्या लावायच्या राहिल्याच, तर त्या दिवशी पाव, सुका मेवा आणि न चिरलेली फळं न्या. रात्री उठून फ्रीझर मात्र तपासू नका.