ताप उतरला, मग आता गोळ्या बंद केल्या तर चालेल का?

प्रश्न: डॉक्टर नमस्कार, आम्ही कणकवलीजवळ राहतो. लावणीच्या दिवसांत ह्यांना थंडी वाजून ताप आला, डोळे लाल, पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की उभं राहवेना. टेस्टमध्ये लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांमुळे होणारा ताप) निघाला, डॉक्सीसायक्लिन सात दिवस दिलीय. तिसऱ्या दिवशीच ताप गेला. आता सासूबाई म्हणतात अँटिबायोटिक गरम पडतं, शरीराला सवय लागते, बस झाल्या गोळ्या. ह्यांना छातीत जळजळ पण होतेय. आणि मुलाला सर्दी झालीय, घरात ह्यांच्याच मागच्या अ‍ॅझिथ्रोच्या (अ‍ॅझिथ्रोमायसिन, ते पण अँटिबायोटिकच) दोन गोळ्या उरल्यात, त्या देऊ का?

उत्तर: ताई, ह्यांचे सात दिवस पूर्ण करा आणि मुलाला त्या दोन गोळ्या देऊ नका, एवढं तुम्हाला त्याच दिवशी मेलवर कळवलं होतं, अंक येईस्तोवर कोण थांबणार. कारण इथे सगळ्यांसाठी लिहितो.

सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. सवय लागते, पण शरीराला नाही, जंतूंना. एकच औषध दरवर्षी फवारत राहिलं की तुडतुडे दाद देत नाहीत, हे आंबा बागायतदाराला मी काय सांगणार! जे वाचतात त्यांचीच पिल्लावळ वाढते. जंतूंचं तसंच, फक्त काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात आणि औषधाला चकवायची युक्ती दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतात, तुडतुड्यांना तेवढं जमत नाही. लेप्टोचा जंतू अजून डॉक्सीला आणि पेनिसिलिनला दबतो हे आपलं नशीब समजा. पण त्याचा ताप उतरून परत उलटू शकतो, किडनी-लिव्हरवरही जाऊ शकतो, म्हणून अर्ध्यावर सोडायचं नाही.

गोळी स्वस्त आहे म्हणून तिची किंमत वाटत नाही. 1941 साली ऑक्सफर्डमध्ये अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाच्या तोंडावरची जखम चिघळली, एक डोळा काढावा लागला, मग त्याला पेनिसिलिन टोचलं आणि माणूस सुधारायला लागला. पण औषधच एवढंसं होतं की त्याच्या लघवीतून गाळून परत त्यालाच देत होते, तेही संपलं आणि मार्चमध्ये तो गेला. औषध लागू पडत होतं हो, पुरलं नाही! आता दुकानात ढीग आहे, पण 2019 या एका वर्षात औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात अंदाजे 12 लाख 70 हजार माणसं गेली.

जळजळीचं म्हणाल तर ती उष्णता नाही, डॉक्सीची गोळी अन्ननलिकेत अडकली की तिथे जाळते. जेवणानंतर बसून, भरपूर पाण्यासोबत घ्या आणि अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही. दूध किंवा अँटासिड त्याच वेळी घेतलं तर गोळी नीट शोषली जात नाही, तेव्हा जळजळ होते म्हणून वरून अँटासिड नको. तरीही थांबली नाही किंवा गिळताना दुखलं तर डॉक्टरांना सांगा.

मुलाची सर्दी व्हायरसची असते, अ‍ॅझिथ्रो त्याला हातही लावत नाही, उलट पोटातले चांगले जंतू मारते आणि चिवट तेवढे मागे ठेवते. त्यात मोठ्यांची गोळी पोराला, डोस वजनावर ठरतो ना! ताप तीन दिवसांवर गेला किंवा धाप लागली तर मात्र दाखवा.

आणि हो, लावणीत गमबूट रुततात हे मलाही माहितीये, पण पायाला चीर असेल तर निदान वॉटरप्रूफ पट्टी लावून चिखलात उतरायला सांगा ह्यांना, उंदराच्या मुतातला जंतू तिथूनच आत जातो.