४५ मुलं, एक नेट, सहा चेंडू: स्मॅश शिकवायचा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आठवीचा वर्ग, ४५ मुलं-मुली, ३५ मिनिटांचा तास, व्हॉलीबॉलचं एक नेट, सहा चेंडू. पासिंग आणि सर्व्हिस बऱ्यापैकी बसली आहे, पण स्मॅश (उडी मारून चेंडू नेटपलीकडे जोरात खाली मारणं) सुरू केला की चेंडू नेटमध्ये नाहीतर आभाळात. मुली रांगेत मागे मागे सरकतात, आणि सहा तासांनी गुण भरायचे आहेत.

मी बावीस वर्षं शाळेत खेळ शिकवते आहे. सुरुवातीला मीही नेटजवळ एक लिफ्टर, म्हणजे मारणाऱ्यासाठी चेंडू उंच उचलून (लिफ्ट) देणारा, उभा करायचे आणि बाकीच्यांना एका रांगेत. एकदा घड्याळ लावून बघितलं. लिफ्ट, धाव, फटका, बाजूला होणं, यात एका मुलामागे १२ सेकंद धरले तरी ४५ जणांची एक फेरी व्हायला नऊ मिनिटं लागतात. वॉर्मअप वगळला तर ३५ मिनिटांच्या तासात प्रत्येकाच्या वाट्याला दोन, फार तर तीन फटके. त्यातल्या निम्म्या लिफ्ट वाकड्या, कारण लिफ्ट देणारा मुलगाही आठवीतच आहे. एवढ्यावर कुणाला काय येणार? म्हणून सगळ्यात आधी ही रांग मोडा आणि पहिले चार तास लिफ्ट पूर्ण बंद ठेवा.

या खेळात स्मॅश मुळात नव्हताच. विल्यम मॉर्गन यांनी १८९५ मध्ये व्हॉलीबॉल सुरू केला. चेंडू उंच उचलून द्यायचा आणि दुसऱ्याने तो खाली मारायचा, ही पद्धत १९१६ च्या सुमारास फिलिपिन्समध्ये रुजली. म्हणजे वीसेक वर्षं लोक स्मॅशशिवाय खेळले. तुमच्या वर्गाने चार तास धीर धरला तर काही बिघडत नाही.

आता नेट. पुरुषांसाठी नेटची उंची २.४३ मीटर, महिलांसाठी २.२४. आठवीतलं मूल सरासरी दीड मीटर उंच धरलं तर हात वर करून त्याची पोच १.९५ मीटरच्या आसपास जाते. २५-३० सेंटिमीटर उडी मारली तर बोटांची टोकं २.२० ते २.२५ ला पोहोचतात. महिलांच्या उंचीचं नेट लावलंत तरी बोटं जेमतेम पट्टीला लागतील, आणि चेंडू खाली मारायचा तर निदान मनगट तरी वर हवं. मूल नेटमध्ये मारतं ते बऱ्याचदा एवढ्याचमुळे, त्यात त्याचा काही दोष नसतो. मी मैदानभर एक लांब दोरी बांधते, एक टोक १.८० मीटरवर आणि दुसरं २.२० वर. दोरी तिरकी राहते. कुठे उभं राहायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. बुटकी मुलं पहिल्यांदाच वरून मारतात तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. आणि सरावलेली मुलं आपणहून उंच टोकाकडे सरकतात, त्यांना सांगावं लागत नाही.

पहिले दोन तास हात आणि पाय वेगवेगळे. वर्गाचे तीन गट करा आणि दर आठ मिनिटांनी जागा बदला.

एक गट भिंतीपाशी, सहा चेंडू, एका चेंडूमागे दोघं-तिघं. भिंतीपासून तीन-चार मीटरवर उभं राहायचं, डाव्या हाताने चेंडू थोडा वर टाकायचा आणि भिंतीच्या अलीकडे जमिनीवर मारायचा. तो जमिनीवरून भिंतीवर आणि तिथून वर उसळून परत येतो, पुन्हा मारता येतो. बघायचं एवढंच की कोपर खांद्याच्या वर आहे ना, बोटं फाकवून पूर्ण तळहात चेंडूवर बसतोय ना, आणि शेवटी मनगट पुढे झुकतंय ना. मनगट झुकलं की चेंडूला टॉपस्पिन (पुढच्या दिशेने फिरकी) मिळतो, आणि टॉपस्पिन मिळालेला चेंडू हवेत लवकर खाली वळतो. आठ मिनिटांत प्रत्येकाचे तीस-चाळीस फटके होतात. चेंडू नियमाप्रमाणे २६० ते २८० ग्रॅमचा असतो. हात लाल होतात म्हणून मुलं बुजत असतील तर हवा थोडी कमी ठेवा.

दुसरा गट दोरीवरून टेनिसचे चेंडू किंवा चिकटपट्टी गुंडाळलेले कागदी गोळे फेकतो, जोरात आणि खाली. हा गट कृपा करून वगळू नका. मुली मागे राहतात असं तुम्ही लिहिलंय. माझ्या अनुभवात त्यांच्यापैकी पुष्कळ जणींनी तोवर काही जोरात फेकलेलंच नसतं. ती संधीच मिळालेली नसते. स्मॅशचा हात म्हणजे फेकण्याचाच हात. कोपर मागे, दुसरा हात समोर, छाती बाजूला वळलेली, मग खांदा पुढे आणि त्यामागून हात. ज्यांनी लहानपणापासून फेकाफेकी केली आहे त्यांच्या अंगात हे आधीच असतं. बाकीच्यांना ते दोन-तीन तास द्यावं लागतं, आणि दिलं की फरक झपाट्याने कमी होतो. ही मुलगी घाबरते, असा शेरा मारण्याआधी तिला शंभर वेळा फेकू द्या.

तिसरा गट बिनचेंडूचा. जमिनीवर खडूने पावलं काढा. उजव्या हाताने मारणाऱ्यासाठी डावा, उजवा, डावा. पहिलं पाऊल छोटं आणि सावकाश. दुसरं लांब, टाच आधी टेकलेली, दोन्ही हात मागे गेलेले. तिसरं त्याच्या शेजारी चटकन येऊन बसतं आणि दोन्ही पायांनी सरळ वर उडी. ताल तोंडाने म्हणून घ्या: ‘एक… दोन-तीन!’ मुलं लांब उडीची सवय घेऊन येतात, धावत येऊन एका पायावर पुढे झेपावतात आणि थेट नेटमध्ये जातात. उडी घेतलेल्या जागेपासून फार तर एक पाऊल पुढे उतरायचं, अशी खडूची रेघ आखली की ते हळूहळू सुटतं.

डावखुऱ्यांसाठी पावलं उलटी: उजवा, डावा, उजवा. हे ठळकपणे सांगते, कारण एका डावखुऱ्या मुलाला मी महिनाभर उजव्यांची पावलं शिकवली होती. त्याचा खांदा दर वेळी चुकीच्या बाजूला वळलेला असायचा आणि मी त्याला ‘ताल चुकतोय’ म्हणत राहिले. तो काही बोलला नाही, फक्त खेळाच्या तासाला मागे राहू लागला. तेव्हापासून पहिल्याच तासाला कोण कोणत्या हाताने फेकतं ते विचारून घेते.

तिसरा आणि चौथा तास माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचे, आणि त्यात फटका नाहीच. चेंडू पकडायचा. दोरीजवळ एक जण उभा राहून दोन्ही हातांनी खालून चेंडू सरळ वर टाकतो, दोरीच्या दीड मीटर वर, दोरीपासून हातभर अलीकडे. सहा चेंडूंचे सहा गट, प्रत्येकी सात-आठ जण. मारणाऱ्याने तीन पावलं घेऊन उडी मारायची आणि हात पूर्ण सरळ असताना चेंडू हवेत दोन्ही हातांनी झेलायचा. बस्स.

झेल कुठे घेतला ते बघा, चूक आपोआप कळते. चेंडू डोक्यामागे झेलला, तर मूल लवकर निघालं आणि चेंडूच्या खाली शिरलं; हेच मूल फटका मारताना चेंडू आभाळात घालवतं. छातीसमोर झेलला, तर उशिरा निघालं किंवा खाली येताना पोहोचलं. हे नेटमध्ये मारतं. डोक्याच्या थोडं पुढे, मारणाऱ्या खांद्याच्या रेषेत, हात ताणलेला, अशी जागा सापडली की वेळ जुळली. मुलांनाही हे स्वतःचं स्वतःला दिसतं, कारण चेंडू त्यांच्या हातातच असतो. फटक्यात सगळं इतकं पटकन घडतं की काय चुकलं ते ना त्यांना कळतं ना आपल्याला.

बहुतेक सगळे लवकर निघतात. चेंडू वर गेला की पाय राहवत नाहीत. पहिलं संथ पाऊल चेंडू चढत असताना घ्यायचं आणि ‘दोन-तीन’ त्याने वरचं टोक गाठल्यावर. सुरुवातीला मी ‘आता!’ म्हणते. पाच-सहा वेळा झाल्यावर मुद्दाम गप्प बसते, नाहीतर मुलं चेंडूऐवजी माझ्या आवाजाकडे लक्ष ठेवतात. दहापैकी सहा झेल योग्य जागी येऊ लागले की त्याच टाकलेल्या चेंडूवर फटका. तोही आधी अर्ध्या ताकदीने.

पाचव्या तासाला खेळ. तीन विरुद्ध तीन, अर्ध्या रुंदीचं मैदान. पहिला पास, दुसऱ्याने चेंडू झेलून वर टाकायचा (नियमात बसत नाही, पण वर्गात चालवा), तिसऱ्याने पावलं घेऊन मारायचा. प्रत्येक पॉइंटनंतर जागा बदला, नाहीतर दोन दांडगी मुलंच मारत राहतात. इथे एक गोष्ट मुलांना सांगा: नियमानुसार सर्व्हिस आणि ब्लॉक (समोरून आलेला चेंडू नेटजवळ हात वर करून अडवणं) सोडून चेंडू पलीकडे पाठवणारी प्रत्येक कृती हल्लाच आहे. मोकळ्या कोपऱ्यात बोटांनी टाकलेली टिप हासुद्धा हल्ला. फक्त चेंडू पकडून फेकायचा नाही. ज्या मुलाची उडी कमी आहे त्याला उभ्यानेच मारू द्या. मैदानाच्या मागच्या दोन कोपऱ्यांत चौकोन आखून तिथे पडलेल्या चेंडूला दोन पॉइंट द्या. नजर आपोआप पलीकडे जाऊ लागते. मागच्या रांगेतल्या खेळाडूने उंच चेंडू मारायचा तर नेटपासून तीन मीटरवरच्या रेषेमागून उडी घ्यायची, हा नियम या टप्प्यावर सांगून ठेवला तरी पुरे.

दुखापतीबद्दल दोन गोष्टींवर मी अजिबात सूट देत नाही. पहिली, पायाखाली आलेला चेंडू. कुणालाही घरंगळणारा चेंडू दिसला की त्याने ‘बॉल!’ ओरडायचं आणि सगळ्यांनी थांबायचं. सगळे एकाच बाजूने मारतात आणि चेंडू माझ्या शिट्टीवरच गोळा होतात. दुसरी, दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून उतरणं. एका पायावर उतरणारं मूल दिसलं की फटका कितीही चांगला असो, मी त्याला परत खडूच्या पावलांवर पाठवते. या वयात हाडं वाढत असतात. गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यावर दुखतंय असं कुणी म्हटलं तर त्या दिवशी त्याच्या उड्या बंद, त्याने चेंडू टाकायचे. दुखणं राहिलं तर पालकांना सांगून डॉक्टरांकडे.

सहावा तास गुणांचा. मी दहापैकी चार गुण पावलांच्या तालाला देते, तीन चेंडू योग्य जागी गाठण्याला, दोन उतरण्याला आणि एक चेंडू मैदानात पडण्याला. जोराला काही नाही. प्रत्येकाला तीन संधी, त्यातली सर्वांत चांगली धरायची. परीक्षेत चेंडू मी स्वतः टाकते, म्हणजे वाकड्या लिफ्टचा फटका कुणाच्या गुणांना बसत नाही. आणि तिरक्या दोरीखाली कुठे उभं राहायचं, ते त्या दिवशीही मुलानेच ठरवायचं असतं.