केस कापायचं ठरलंय ना? मग हे ऐक

अगं, कॉलेज रोडच्या पार्लरमध्ये खुर्चीत बसलीस की आधी मानेवरचा भोवरा दाखव. तिथले केस उलटे उगवत असतील तर बारीक कापल्यावर ताठ उभे राहतात. माझे राहिले होते, चांगले महिनाभर. कुरळे केस वाळले की आखडतात, म्हणून ओले असताना बोटभर लांबच ठेवायला सांग. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतात. बॉबचा आकार टिकवायचा तर दीड-दोन महिन्यांनी ट्रिम हवंच.

पहिले चार दिवस हात सारखा वेणी शोधतो, मान उघडी वाटते. तेव्हा मोठे झुमके घाल आणि संध्याकाळी गोदाकाठी फिरून ये. मानेला लागणारा तो गार वारा मला अजून आवडतो. आजी रागावलीच, तर तिच्याकडूनच डोक्याला तेल लावून घे.