बीसीजीची गाठ वाहत राहिली, तेव्हापासून…

प्रश्न : माझा नातू अडीच वर्षांचा आहे. त्याला बीसीजी (क्षयरोगाची लस) टोचल्यावर डाव्या काखेत गाठ आली आणि ती फुटून कित्येक महिने वाहत राहिली. पुढे दोनदा न्यूमोनिया झाला, आता यकृतात गळू झाले आहे. डॉक्टरांना 'क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज'ची शंका आहे. तज्ज्ञ कोठे भेटतील? हा आजार बरा होतो का?
— एक आजोबा, सांगली जिल्हा

उत्तर : या मुलांच्या नेहमीच्या रिपोर्टात पांढऱ्या पेशी भरपूर दिसतात, त्यामुळे अनेकदा क्षयरोगाचेच उपचार चालू राहतात, तुमच्या डॉक्टरांना वेळेत शंका आली, हे चांगले झाले. या आजारात पांढरी पेशी जंतूला गिळते, पण त्याला मारणारे ऑक्सिजनचे दाहक रसायन तिला तयार करता येत नाही. पेशी हे रसायन बनवते की नाही, हे डीएचआर या रक्तचाचणीत कळते. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) एनआयआयएच ही रक्त व प्रतिकारशक्तीच्या आजारांवरची संस्था आहे, जवळच वाडिया बालरुग्णालय आहे. तेथे इम्युनॉलॉजीच्या (रोगप्रतिकारशक्तीच्या) तज्ज्ञांना दाखवावे. रक्त ताजे लागत असल्याने नमुना पाठवण्यापेक्षा, प्रकृती प्रवासाजोगी होताच, मुलालाच घेऊन जाणे बरे.

हा जन्मजात दोष बऱ्याचदा आईकडून मुलग्यात येतो, म्हणून आईच्या माहेरी एखादा मुलगा लहानपणी वारंवार गळवे होऊन दगावला होता का, हे जरूर विचारा, मात्र सुनेला दोष लागेल अशा स्वरात नको. इतर काही प्रकारांत दोष आई-वडील दोघांकडून येतो आणि मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या घरांत त्याची शक्यता वाढते.

निदान पक्के झाल्यावर जंतुविरोधी कोट्रायमॉक्साझोल आणि बुरशीविरोधी इट्राकोनाझोल ही औषधे रोज द्यावी लागतात. मूल हसते-खेळते झाले म्हणून ती परस्पर बंद करू नयेत. उकिरडा, शेणखत, कुजलेला पाचोळा, भिजलेल्या कडब्याची गंजी यांपासून त्याला कटाक्षाने दूर ठेवा, कारण त्यांतली बुरशी श्वासावाटे फुप्फुसात जाऊन जिवावर बेतू शकते. शेतकऱ्याच्या घरात हे पथ्य औषधापेक्षा अवघड, याची मला कल्पना आहे.

आजार मुळापासून बरा करण्याचा रुळलेला मार्ग म्हणजे बोन मॅरो (अस्थिमज्जा) प्रत्यारोपण. सख्ख्या भावंडाचा मॅरो पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते; तो न जुळल्यास इतर दात्यांचा विचार होतो. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात हा आजार पहिल्या गटात, म्हणजे एकदाच्या उपचाराने बरे होऊ शकणाऱ्या आजारांत असून, ठरवून दिलेल्या केंद्रांत ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. केईएम हे त्यांपैकी एक केंद्र. तेथील नोंदणीची चौकशी पहिल्याच भेटीत करावी. जनुकीय तपासणीही आताच करून घ्यावी, म्हणजे सुनेला पुन्हा दिवस राहिल्यास गर्भाची तपासणी वेळेत करता येईल.