ट्रस्टच्या नावावर सडा घेताय? आधी कलम ६३ बघा

ताई, "पैसे जमलेत, गणपतीत सगळे गावाला आले की खरेदीखत करून टाकू" हे तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. खरेदीखत करू नका. निदान ट्रस्टच्या नावाने तरी करू नका.

तुम्ही लिहिलंत ते सगळं ओळखीचं वाटलं: राजापूरकडचा तुमच्या वाडीचा सडा (कातळाचं पठार), त्यामागे लागलेले चिरेखाणवाले आणि प्लॉटिंगचे दलाल, गावकरी-मुंबईकरांची वर्गणी, तो विकत घेऊन कायमचा मोकळा ठेवायचा बेत. २०१३ साली गुहागर तालुक्यात आमचाही अगदी हाच बेत होता. ट्रस्ट कसा नोंदवायचा वगैरे सांगत नाही, ते तुम्हाला माहीत असणारच. मी वकील नाही आणि तुमचा सातबारा मी पाहिलेला नाही, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

सड्यावर नुसता कातळ, तिथे कोणी नांगर धरत नाही, म्हणजे ती शेतजमीन नव्हे, असं आम्ही धरून चाललो. सातबाऱ्यावर मात्र बरंचसं क्षेत्र 'वरकस' होतं. भाताच्या राबासाठी (रोपांच्या जागेवर पालापाचोळा भाजण्यासाठी) आणि गवतासाठी वापरायची जमीन ती वरकस, आणि १९४८ च्या कुळकायद्यात 'शेती'च्या व्याख्येतच गवत आणि राब दोन्ही येतात. त्याच कायद्याचं कलम ६३ सांगतं की घेणारा शेतकरी नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन त्याच्या नावे विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. आमचे सातही विश्वस्त खातेदार शेतकरी होते. ट्रस्ट शेतकरी नव्हता.

आम्ही विचारलं नव्हतं असं नाही. एका कार्यालयात दोनदा जाऊन विचारलं. "सार्वजनिक काम आहे, ट्रस्टला चालतं" असं तोंडी उत्तर मिळालं. लेखी द्या म्हटलं तर "दस्त नोंदला जाईल, काळजी करू नका." दस्त खरंच नोंदला गेला. मुद्रांक भरला, वाडीत पेढे वाटले. चार महिन्यांनी फेरफार नामंजूर झाला आणि पाठोपाठ त्याच कायद्याच्या कलम ८४-क ची नोटीस आली. व्यवहार अवैध ठरला तर जमीन सरकारजमा होऊ शकते. दोन्ही बाजूंनी मुदतीत जमीन पूर्ववत करायचं लिहून दिलं तरच ती वाचते. त्याच कार्यालयात पुन्हा गेलो, तर आम्ही आधी येऊन गेल्याचंही कोणी कबूल करेना.

जमीन देणारे तिघे भाऊ होते. बाजारभावापेक्षा कमी घेऊन, केवळ सडा राहावा म्हणून त्यांनी ती दिली होती. मधल्याने त्या पैशांतून कौलं उतरवून घरावर स्लॅब टाकला होता. त्याच्या ओटीवर बसून पैसे परत मागावे लागले. अडीच वर्षांत हप्त्याहप्त्याने आले, पण मुद्रांकाचे गेले ते गेलेच. आणि त्या घराशी आमचं बोलणं आजही पूर्वीसारखं नाही. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

याच कुळकायद्यात उद्योगासाठी बिगरशेतकऱ्याला जमीन घेता यावी म्हणून ६३-१अ हे वेगळं कलम घातलेलं आहे. जमीन आहे तशी राखायला घेणाऱ्यासाठी तसं काही नाही. याचा मला अजून राग येतो.

तुम्ही अमेरिकेतल्या लँड ट्रस्टचा दाखला दिलात. तिथे मालक जमीन स्वतःकडेच ठेवतो, फक्त बांधकामाचा हक्क कायमचा ट्रस्टकडे सोडून देतो, आणि पुढच्या मालकालाही ते पाळावं लागतं. आपल्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात हे बसवणं कठीण आहे, कारण तिथे हक्क शेजारच्या दुसऱ्या जमिनीच्या फायद्यासाठी असावा लागतो. म्हणून मालकाशी नुसता करार केलात तर तो त्याच्यापुरता. उद्या त्याने जमीन विकली की तुमच्या हातात फारसं काही उरत नाही, असं माझं मत.

मग करायचं काय? परवानगीचा अर्ज आधी करा आणि लेखी आदेश हातात पडेपर्यंत विसारसुद्धा देऊ नका. तोवर जमीन मालकांच्याच नावावर राहू दे. आम्ही आता तेच करतो. वर्गणीतून गडगे (दगडी कुंपणं) दुरुस्त करतो, वणवा अडवायला डिसेंबरात जाळरेषा काढतो आणि मालकांना गवताचे वर्षाला चार पैसे मिळतील असं बघतो. विकायची घाई बऱ्याचदा घरपट्टी आणि आजारपणापायी असते, ती अशाने थोडी कमी होते. कायमचं संरक्षण हे नव्हे, मान्य. पण पहिल्या पावसात दीपकाडी अजून फुलते आणि खालच्या वाडीच्या विहिरींना मे महिन्यात पाणी असतं.

ट्रस्टच्या नावावर पुढे कधी जमीन आलीच, तर तिचा चेंज रिपोर्ट (ट्रस्टच्या नोंदीतल्या बदलाची माहिती) ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्या. मग सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ मुळे धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीवाचून ती कुणालाही विकता येत नाही. तुम्हाला हवं असलेलं कुलूप त्यातल्या त्यात हेच.

आणखी एक. तुमच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत का ते जुन्या गुराख्यांना विचारा. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, देवीहसोळ ही राजापूरकडचीच नावं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. शिल्पं असतील तर सडा राखायच्या ग्रामसभेच्या ठरावाला वजन येतं. जैवविविधता वारसा स्थळाची वाटही आहे. दोडामार्गात बांबर्डे इथली रानजायफळाची राई तशी जाहीर झालेली आहे.

गणपतीत मुंबईकर आले की सह्या खरेदीखतावर न घेता वारस नोंदीच्या अर्जावर घ्या. चाळीस नावांच्या सामाईक सातबाऱ्यावर मेलेल्यांची नावं तशीच असतील तर पुढचं काहीच हलत नाही. आणि दलाल नेमका असाच एखादा दुर्लक्षित हिस्सेदार गाठतो.

नावं झाकून सातबाऱ्याचा 'इतर अधिकार' रकाना आणि वरकस आणि पोटखराब (लागवडीला अयोग्य) क्षेत्राचे आकडे इथे टाका. कुळाची नोंद किंवा कुळकायद्याच्या कलम ४३ चा (कुळाला मिळालेल्या जमिनीच्या विक्रीवरच्या बंधनाचा) शेरा असेल तर ते प्रकरण वेगळं, त्यावर मग बोलू.